मंजुसरला नोकरी, दोन लहान मुलं: बडोद्यात घर कुठल्या बाजूला बघावं?

नाशिककर_आई

नमस्कार मंडळी. मे अखेरीस आम्ही नाशिकहून बडोद्याला राहायला येतोय. ह्यांची नोकरी सावली रोडला मंजुसर जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत), जनरल शिफ्ट. कंपनीची बस आहे, पण थांबे ठरलेले. माझं काम घरून चालतं. थोरला येत्या ऑगस्टमध्ये सहा पूर्ण करेल, त्याला पहिलीत घालायचाय. धाकटी दोन वर्षांची, तिला बालदमा आहे.

आधी भाड्याने, मेंटेनन्स धरून १६ हजारांपर्यंत. सगळं जमलं तर दीड-दोन वर्षांत ४५ लाखांच्या आसपास दोन बेडरूमचा फ्लॅट विकत घ्यायचा विचार आहे. ब्रोकरने समा, हरणी, छाणी, गोत्री, भायली आणि वाघोडिया रोड अशी सहा नावं दिलीत आणि सहाही ठिकाणी पाणी भरत नाही म्हणतो. २०२४ च्या पुराच्या बातम्या पाहिल्यात, त्यामुळे ते पटत नाही. एरियाची नावं तर सांगाच, पण मुलांच्या दृष्टीने नेमकं काय तपासायचं तेही सांगा. आम्ही मांसाहार करतो, भाड्याचं घर मिळताना त्याची अडचण येते का?

काळाघोडा_पूल

ताई, बडोद्यात एरियाच्या नावाआधी नदी बघायची. विश्वामित्री शहरात ईशान्येकडून शिरते, समा आणि हरणी-कारेलीबाग यांच्या मधून येते, फतेगंज, कमाटीबाग, काळा घोडा, अकोटा, मुजमहुडा करत वडसर-कलालीकडे निघून जाते. वाट इतकी नागमोडी आहे की एकाच एरियात एक गल्ली कोरडी आणि पुढची कमरेभर पाण्यात असं होतं. शहरातला पाऊस थांबल्यावरही पाणी चढत राहतं, कारण वरच्या अंगाला आजवा आणि प्रतापपुरा सरोवरांचं पाणी ह्याच नदीत येतं. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीने ३५ फूट ओलांडले, धोक्याची पातळी २५ फूट असताना. २०२५ च्या पावसाळ्याआधी पात्र रुंद-खोल करण्याचं मोठं काम झालं. त्याचा उपयोग आहेच, पण घराचा निर्णय मात्र २०२४ च्या पाणीरेषेवरच घ्या.

नदीइतकंच लक्ष कांसांकडे द्या. कांस म्हणजे शहरातले जुने नैसर्गिक नाले. छाणी-समा बाजूला भूखी कांस, पूर्व आणि दक्षिणेला रूपारेल. नदी तुडुंब भरली की कांसाचं पाणी तिच्यात उतरत नाही, उलटं मागे फिरतं. मग नदीपासून बऱ्याच लांबच्या सोसायटीतही गटाराच्या झाकणातून पाणी वर येतं आणि ब्रोकर म्हणतो, "नदी तर कुठल्या कुठे आहे." पुष्कळ ठिकाणी कांस झाकून वर रस्ता केलाय, त्यामुळे नकाशात दिसत नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला किंवा इस्त्रीवाल्याला "इथे कांस कुठून जाते, आणि चोवीस साली दुकानात पाणी कुठवर होतं?" एवढं विचारा. ते हाताने उंची दाखवतात, ती उंची खरी.

आता पूल. पाणी वाढलं की एकेक पूल बंद करतात आणि शहराचे दोन तुकडे होतात. पश्चिम काठावर समा, निझामपुरा, फतेगंज, सयाजीगंज, आणि रेल्वेपलीकडे अलकापुरी, गोत्री, अकोटा. पूर्वेला हरणी, कारेलीबाग, जुनं शहर, वाघोडिया रोड, मांजलपूर. घर, थोरल्याची शाळा आणि धाकटीचे डॉक्टर तिन्ही एकाच काठावर ठेवा. दम्याच्या मुलीसाठी ही गोष्ट भाड्यातल्या हजार रुपयांपेक्षा मोलाची आहे. सयाजी हॉस्पिटल पूर्व काठावर, गोत्रीचं सरकारी हॉस्पिटल पश्चिमेला. पश्चिमेतही रेल्वेची आडकाठी असते: अलकापुरी गरनाळा (रेल्वेखालचा भुयारी रस्ता) जरा जोराचा पाऊस झाला की बंद, मग सगळी वाहनं ओव्हरब्रिजवर.

मंजुसरचा रस्ता समा-सावली रोडने दुमाड चोकडी (चौक), हायवे ओलांडून पुढे. नवा समा, वेमाली किंवा छाणीहून निघालात तर विश्वामित्री ओलांडावी लागत नाही. हरणी-कारेलीबागेतून निघालात तर ओलांडावीच लागते, शहरात किंवा हायवेवर देणा गावाजवळ. गोत्री, सेवासी, भायली राहायला छान, शाळा भरपूर, पण तिथून रोज अख्खं शहर पार करून जावं लागेल. वाघोडिया रोड, आजवा रोड परवडणारे आहेत, पण ते त्या बाजूला कामाला जाणाऱ्यांसाठी. मांजलपूर, तरसाली मकरपुरा जीआयडीसीवाल्यांना सोयीचं.

तुमच्यासाठी पहिली पसंती नव्या समाला, अभिलाषा चार रस्ता आणि चाणक्यपुरीच्या आतल्या गल्ल्या. दुसरी छाणी जकातनाका, पण हवेबद्दल खाली कोणी जाणकार सांगतील. तिसरी वेमाली. समा-सावली रोडवर उर्मी शाळेपासून नदीच्या पुलापर्यंतचा पट्टा मात्र खोलगट आहे. तिथे तळमजला आणि तळमजल्यावर पार्किंग, दोन्ही नको.

वाऱ्याची_दिशा

दम्याचं वाचलं म्हणून मुद्दाम लिहितोय. छाणीच्या पश्चिमेला फर्टिलायझरनगर आणि बाजवा, पुढे करचिया, कोयलीची रिफायनरी, आणखी वर रणोली आणि नंदेसरी. हा सगळा खत, पेट्रोलियम आणि रसायनांचा पट्टा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा नैऋत्य-पश्चिमेकडून, म्हणजे ह्या पट्ट्याकडून छाणीच्या दिशेने वाहतो. हिवाळ्यात तो फिरून उत्तर-ईशान्येचा होतो, तेव्हा उंडेरा, करोडिया, गोरव्याच्या बाजूला जास्त जाणवतं. शिवाय हिवाळ्यात पहाटे थंड हवा खाली बसून राहते, धूर वर चढत नाही.

म्हणून घर दुपारी बारा वाजता बघून ठरवू नका. रात्री दहानंतर एकदा आणि पहाटे सहाला एकदा त्या गल्लीत पंधरा मिनिटं थांबा. अमोनियाचा वास डोळ्यांत आणि घशात आधी बोचतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तो गंधकाचा. एका भेटीत वास आला नाही म्हणजे येतच नाही असं नव्हे. शेजारच्या घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर त्यांना विचारा, त्यांना महिने पाठ असतात. बाजवा, उंडेरा, कोयली बाजूला घरं स्वस्त मिळतात ती ह्याच कारणाने. ११ नोव्हेंबर २०२४ ला कोयली रिफायनरीत टाकीचा स्फोट होऊन मोठी आग लागली होती. लहान मुलं आणि दमा असताना त्या परिघात घर नको.

धुळीचंही बघा. नव्या वस्तीत दम्याला सगळ्यात जास्त त्रास कारखान्यापेक्षा शेजारच्या बांधकामाचा होतो. खिडकीतून दिसणारे मोकळे प्लॉट मोजा. प्रत्येक मोकळा प्लॉट म्हणजे पुढची दोन वर्षं सिमेंट, वाळू आणि टाइल्स कापण्याची भुकटी. पंधरा-वीस वर्षं जुन्या, भरलेल्या सोसायटीत हा त्रास फार कमी असतो. नवा समा ह्या बाबतीत वेमालीपेक्षा बरा.

पाण्याचं थोडक्यात: शहराला महीसागरच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींमधून आणि आजव्याहून पाणी येतं, आणि ते ठरावीक वेळेलाच येतं. भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा, वडदला ही गावं २०२० मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली, पण हद्दीत आलं म्हणजे प्रत्येक सोसायटीत महापालिकेचा नळ आला असं समजू नका. बोअर असेल तर तीनशे-चारशे रुपयांचं टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं) घेऊन जा. ५०० पर्यंत चांगलं. १००० च्या वर असेल तर फिल्टर, गीझर, वॉशिंग मशीन सगळ्यांचे खर्च वाढतात. फिल्टरचं वाया जाणारं पाणी वेगळं. रीडिंग नळाचं घ्या, फिल्टरच्या तोटीचं नको.

सोसायटी_हिशेबनीस

घर बघायला गेल्यावर बिल्डिंग स्वतःच बोलते, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

आधी पार्किंगमध्ये जा. वीज मीटरचं पॅनेल जमिनीपासून किती उंचीवर आहे? जुन्या बिल्डिंगमध्ये मूळ जागेच्या खुणा खाली आणि मीटर वर चढवलेले दिसले तर तिथे पाणी आलंय. भिंतीला ठरावीक उंचीपर्यंतच नवा रंग किंवा टाइल्स, लोखंडी गेटच्या खालच्या भागाला गंज, लिफ्टच्या खड्ड्यात चिखलाची रेघ, हीसुद्धा तीच साक्ष. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण बघा. ते जमिनीच्या पातळीला असेल तर पुराचं घाण पाणी थेट पिण्याच्या टाकीत उतरतं. मुलांना कावीळ आणि जुलाब ह्यातून होतात. झाकण निदान दीड-दोन फूट उंच चौथऱ्यावर आणि रबर पट्टीचं हवं. पंपही चौथऱ्यावर हवेत, नाहीतर वीज आल्यावरही पाणी वर चढत नाही.

मग सेक्रेटरीला भेटा आणि सप्टेंबर २०२४ चा जमाखर्च मागा. लिफ्ट दुरुस्ती, मोटर रिवाइंडिंग, टाकी सफाई, चिखल उपसायला जेसीबी, हे खर्च त्या महिन्यात दिसले तर आणखी काही विचारायची गरज नाही. तोंडाने कोणी काही म्हणेल, व्हाउचर खोटं बोलत नाही.

तळमजल्याचा टेनामेंट (स्वतंत्र बैठं किंवा दुमजली घर) असेल तर संडासाच्या आणि बाथरूमच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का विचारा. नसेल तर रस्त्यावरचं पाणी उंबऱ्यातून यायच्या आधी मोरीतून येतं. दोन लहान मुलं असताना मी तळमजला सुचवणार नाही. पहिला ते चौथा मजला बघा. त्याच्यावर गेलात तर वीज नसताना पाणी, भाजी, गॅस सगळं जिन्याने वाहून न्यावं लागतं. मध्य गुजरात वीज कंपनी पुरात करंट लागू नये म्हणून पाणी ओसरेपर्यंत लाइन बंद ठेवते आणि त्याला दिवसही लागतात. घरून काम आहे तर इन्व्हर्टर तुमचा हवाच, सोसायटीचा जनरेटर बहुतेक फक्त लिफ्ट आणि पंपाला असतो. धाकटीचं नेब्युलायझर विजेवर चालत असेल तर बॅटरीवरचं एक वेगळं घेऊन ठेवा. आणि पाइप गॅस आहे का बघा. शहराच्या जुन्या भागांत आहे, नव्या वस्तीत लाइन गेटपर्यंत येऊन थांबलेली असू शकते.

मगरींबद्दल घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. विश्वामित्रीत चारशेच्या वर मगरी आहेत. पुरात त्या सोसायट्यांमध्ये येतात आणि पाणी ओसरल्यावर गाड्यांखाली, बागेत, कुंपणाच्या कडेला राहून जातात. पाणी उतरल्यावर पहिला दिवस मुलांना खाली पाठवायचं नाही, आधी मोठ्यांनी काठी आणि टॉर्च घेऊन पार्किंग बघायचं. दिसली तर जवळ न जाता वनविभागाला कळवायचं, नंबर गेटवर लिहून ठेवायचा.

मुलांसाठी बाल्कनीचं रेलिंग जमिनीपासून निदान साडेतीन फूट आणि गजांमधली फट चार इंचांहून कमी. आडवे गज असतील तर मूल शिडीसारखं चढतं, तिथे जाळी लावून मागा. गच्चीचा कठडाही तितकाच तपासा, उत्तरायणात सगळी पोरं दोन दिवस गच्चीवरच असतात. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सुचत नाही: आजूबाजूला पार्टी प्लॉट आहे का? लग्नसराईत आणि नवरात्रात तिथला आवाज दोन वर्षांच्या मुलीला झोपू देत नाही.

मांसाहाराचं: हो, अडचण येते. बऱ्याच सोसायट्यांत मालक किंवा कमिटी नाही म्हणते. ब्रोकरला पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगा, लपवून घर घेऊ नका. अकरा महिन्यांच्या मध्येच बाहेर काढलं तर मुलाची शाळा मागे राहते. समा, फतेगंज, निझामपुरा बाजूला मिश्र वस्ती आहे, मिळून जातं. करार अकरा महिन्यांचा, भाडेकरूची पोलीस नोंदणी मालकाकडून करून घ्या आणि तिची पावती स्वतःजवळ ठेवा. शाळेत आणि बँकेत पत्त्यासाठी भाडेकरार लागतोच.

पाटी_पेन्सिल

थोरल्याच्या वयाचं ताबडतोब बघा, कारण महाराष्ट्रातून येणाऱ्यांची इथेच गडबड होते. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा पूर्ण चालतात. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून १ जूनला सहा पूर्ण झालेली हवीत. तुमचा मुलगा ऑगस्टमध्ये सहाचा होणार, म्हणजे ह्या जूनमध्ये इथे त्याला पहिली मिळणार नाही, बालवाटिका, म्हणजे पहिलीआधीचं वर्ष, मिळेल. नाशिकमधून पहिलीचा दाखला आणला तरी इथे जन्मतारीखच बघतात. त्याला आधीच नीट समजावून सांगा की हे वर्ष शाळेची ओळख करून घ्यायचं आहे, नाहीतर मागे टाकल्यासारखं वाटतं मुलांना.

सीबीएसई शाळा एप्रिलला सुरू होतात, गुजरात बोर्डाच्या जूनमध्ये. मे अखेरीस येताय तर गुजरात बोर्डाचं वेळापत्रक जुळतं. सीबीएसई हवी असेल तर आजच फोन करून रिकामी जागा विचारा. कुठल्याही बोर्डाची शाळा असली तरी पहिली ते आठवी गुजराती शिकणं २०२३ च्या कायद्याने सक्तीचं आहे. मराठी घरातल्या मुलांना ते जड जात नाही. देवनागरीतली शिरोरेघ पुसली की बरीच अक्षरं ओळखीची वाटतात, फक्त क, ख, च, ज, झ, फ, ब, ल ह्यांची वळणं वेगळी, ती आधी गिरवून घ्या.

फी विचारताना "एफआरसीने मंजूर केलेली फी किती?" असं विचारा. २०१७ च्या कायद्याने खासगी शाळांची फी ही फी नियमन समिती (एफआरसी) ठरवते आणि बडोद्याला तिचं विभागीय कार्यालय आहे. मंजूर आकडा आणि तुमच्याकडून मागितलेला आकडा ह्यांत फरक असेल तर तो कशाचा, ते लेखी घ्या. बालवाटिका किंवा प्लेग्रुप बंगल्यात चालत असेल तर फायर एनओसी, दोन जिने आणि गेट आतून लागतं की बाहेरून, हे स्वतः बघा.

शाळा घरापासून तीन किलोमीटरच्या आत आणि मोठा रस्ता न ओलांडता असावी. दुमाड चोकडीपलीकडची शाळा फी कमी म्हणून निवडू नका. व्हॅनला रोज हायवे ओलांडावा लागेल आणि तिथे मोठे ट्रक असतात.

जंत्री_आणि_दस्त

खरेदीबद्दल. एक अख्खा पावसाळा भाड्याने काढा, मगच बानाखत (खरेदीचा करार) करा. दीड-दोन वर्षं म्हणताय तेच योग्य आहे.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला जीएसटी लागतो. एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्रफळ) ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. एकूण किमतीत पार्किंग आणि डेव्हलपमेंट चार्जसुद्धा धरतात. म्हणजे ४४ लाखांचा फ्लॅट आणि दोन लाखांचं पार्किंग मिळून ४६ झाले की कर ४५ हजारांच्या आसपास न राहता २ लाख ३० हजार होतो. बी.यू. परमिशन (इमारत वापरण्याचा परवाना) मिळालेल्या तयार फ्लॅटला जीएसटी नाही. पण बी.यू. संपूर्ण बिल्डिंगची आहे की काही मजल्यांची, ते कागदावर वाचा.

स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के, ४५ लाखांवर २ लाख २० हजार ५००. नोंदणी फी १ टक्का, पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ती माफ, म्हणजे ४५ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत जाते. कर्जासाठी ह्यांना सह-अर्जदार ठेवायचं असेल तर मालकीत नाव हवंच का, हे बँकेला आधी विचारा. ड्युटी जंत्री (सरकारने ठरवलेला किमान दर) आणि दस्तातली रक्कम ह्यांपैकी जी जास्त तिच्यावर. १५ एप्रिल २०२३ पासून जंत्रीचे दर बरेच वाढलेत, तेव्हा जुन्या हिशेबावर बजेट मांडू नका. ३० ते ७५ लाखांच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, ड्युटी त्यात धरत नाही. म्हणजे तयार फ्लॅट असला तरी ९ लाख मार्जिन, सव्वादोन लाख ड्युटी, वकील आणि सोसायटीचं डिपॉझिट मिळून तेरा-चौदा लाख रोकड हाताशी हवी. काही रक्कम रोखीने द्या म्हणणाऱ्याला तिथेच नकार द्या. दस्त कमी रकमेचा झाला की कर्ज कमी मिळतं आणि पुढे विकताना तोच फरक तुमचा नफा म्हणून करात येतो.

गुजरेरावर (गुजरातच्या रेराच्या साइटवर) प्रकल्पाचा नंबर टाकून रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी), मंजूर नकाशा आणि कार्पेट बघा. इथे भाव सुपर बिल्ट-अपवर (भिंती आणि सामाईक जागा धरून) सांगतात. १२०० फूट म्हटलेला फ्लॅट कार्पेटमध्ये ६५०-७०० निघणं नेहमीचं आहे. भाव कार्पेटवर काढूनच दोन फ्लॅटची तुलना करा. जमीन बिनखेती झालेली आहे का, टीपी स्कीममधला (नगररचना योजनेतला) फायनल प्लॉट नंबर दस्तात आहे का, जमीन नव्या शर्तीची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) होती तर प्रीमियम भरल्याची पावती, आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, हे वकिलाकडून करून घ्या. रीसेल असेल तर शेवटचं वेराबिल (घरपट्टीचं बिल), वीजबिल आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. शहराच्या बऱ्याच भागांना अशांत धारा (अशांत क्षेत्र कायदा) लागू आहे. तिथे विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते आणि ती नसेल तर दस्त टिकत नाही. परवानगीला वेळ लागतो, म्हणून बानाखतात मुदत ठेवताना तो धरा.

नाशिककर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. बालवाटिकेचं अजिबात माहीत नव्हतं, उद्याच शाळांना फोन लावते. ब्रोकरने आता दोन घरं पक्की दाखवायची ठरवलीत. एक उर्मीजवळ टेनामेंटचा पहिला मजला, स्वतंत्र जिना, खाली मालक राहतात, भाडं १३ हजार. दुसरं छाणी जकातनाक्याजवळ चौथ्या मजल्यावर दोन बेडरूम, मेंटेनन्ससह साडेपंधरा हजार. दोन्ही ठिकाणी मांसाहाराला हरकत नाही. कुठलं निवडावं? आणि गाडीचं काय करतात पुरात?

काळाघोडा_पूल

पहिल्या मजल्याचा टेनामेंट राहायला कोरडा राहील, पण २०२४ ला त्या गल्लीत पाणी होतं का हे आधी बघा. होतं तर तुम्ही वर अडकणार, जिना पाण्यात आणि खाली मालकांचं मीटर बंद. त्याच मीटरवर तुमची लाइन असू शकते. स्वतंत्र मीटर आहे का, आणि तो कुठल्या उंचीवर, हा पहिला प्रश्न. गल्ली कोरडी निघाली आणि मीटर वेगळा असेल तर मी उर्मीचं घर घेईन. दोन्ही उत्तरं उलटी आली तर छाणी, अट एकच: रात्री आणि पहाटे वासाची तपासणी झाल्यावर. दोन्ही नापास झाली तर ब्रोकरला चाणक्यपुरीत शोधायला सांगा, पंधरा-सोळा हजारांत जुन्या बिल्डिंगमध्ये दुसरा-तिसरा मजला मागा.

गाडी: हवामान खात्याचा रेड अलर्ट आला आणि आजव्याची पातळी चढती दिसली की पाणी यायची वाट न बघता गाडी उंचावर नेऊन ठेवायची. लोक पुलांवर रांगा लावून ठेवतात, त्याने रुग्णवाहिका अडतात. त्यापेक्षा उंच गल्लीतल्या ओळखीच्या घरी आधीच बोलून ठेवा. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून बघायची नाही, किल्ली फिरवली की इंजिनात पाणी ओढलं जातं आणि साध्या विम्यात ते बसत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलेलं असेल तरच भरपाई. बॅटरीची वायर काढायची, फोटो काढायचे, टो करून न्यायची.

सोसायटी_हिशेबनीस

विम्याला जोडून: भाडेकरूलाही घरातल्या सामानाचा विमा मिळतो. भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर धरलेला आहे. फ्रीज, वॉशिंग मशीन, लॅपटॉपची बिलं मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, दाव्याच्या वेळी कागद भिजलेले असतात. पावसाळ्याआधी पॉलिसी चालू व्हायला हवी, म्हणून मेमध्येच काढा.

आणि टोकन देण्याआधी ताई, उर्मीच्या मालकांकडून करारात दोन ओळी लिहून घ्या: पाणी शिरल्यामुळे किंवा वीज सात दिवसांहून जास्त बंद राहिल्यामुळे घर सोडावं लागलं तर नोटीस पिरियड लागू होणार नाही, आणि डिपॉझिट पंधरा दिवसांत पूर्ण परत मिळेल. टोकन ऑनलाइनच द्या, खाली नोंदीत घराचा पत्ता आणि महिना लिहा.